डिस्चार्ज कार्डावरचा पत्ता

भंडारदऱ्याचा पाऊस पाहायला लोक मुंबई-पुण्याहून येतात. रंधा धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, धरणाच्या भिंतीवर फोटो निघतात, गरम भजी खाऊन मंडळी संध्याकाळी परततात. आमच्या ग्रामीण रुग्णालयात हाच पाऊस वेगळ्या वाटेने येतो. भातलावणीत पायाला झालेल्या चिखल्या, सर्पदंश, निसरड्या वाटेवर मोडलेले हात. आणि वर्षातून चार-दोन वेळा, ज्याला घरच नाही असा एखादा माणूस.

काही वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. रात्री नऊच्या सुमारास पोलिसांची गाडी आली. हवालदारांनी एका चाळिशीच्या माणसाला धरून उतरवले. अंगात फाटका शर्ट, डोक्यावरून खताच्या गोणीची खोळ, पाय अनवाणी. शेंडीच्या एसटी थांब्यावर तो चार दिवस बसून होता. चहावाल्याने दोन दिवस चहा-बिस्कीट दिले. तिसऱ्या दिवशी तो पुटपुटायचाही थांबला, तेव्हा कोणीतरी पोलिसांना फोन केला.

‘‘साहेब, दारू प्यालेला वाटतोय. नाहीतर डोक्यावर परिणाम झालाय,’’ हवालदार म्हणाले.

वास घेऊन पाहिला, दारूचा नव्हता. सिस्टरांनी थर्मामीटर लावला तर पारा वर सरकेचना. घरातला साधा पाऱ्याचा थर्मामीटर साधारण ३५ अंश सेल्सिअसपासून पुढेच मोजतो, त्याखाली गेलेले शरीर त्याला दिसत नाही. रक्तातली साखर होती ४८. म्हणजे त्या क्षणी ज्याला आपण ‘वेड’ म्हणत होतो, त्यातला बराचसा भाग गारठा आणि उपास यांचा होता.

ओले कपडे, रिकामे पोट

थंडीने माणूस दगावतो तो फक्त बर्फात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ओल्या अंगातून उष्णता कोरड्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे पावसाळ्यात तापमान १८-२० अंश असले, तरी ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, उपाशीपोटी रात्र काढणाऱ्या माणसाचे शरीर ३५ अंशांच्या खाली जाऊ शकते. यालाच हायपोथर्मिया म्हणतात. त्याची लक्षणे फसवी असतात. जीभ जड होते, झोकांड्या जातात, माणूस असंबद्ध बोलतो किंवा गप्प होतो. पाहणाऱ्याला वाटते, प्यालेला आहे. म्हणून कोणी जवळ जात नाही, आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

अशा माणसाला वाचवण्याचे काम कौशल्याचे कमी आणि सबुरीचे जास्त असते. ओले कपडे काढायचे, कोरडी ब्लँकेट गुंडाळायची, हळूहळू ऊब द्यायची. हातपाय जोरजोरात चोळायचे नाहीत. साखर कमी असेल तर ग्लुकोज लगेच द्यायचे, पण सोबत ब-१ जीवनसत्त्वाचे (थायमिन) इंजेक्शनही द्यायचे. कारण ग्लुकोज वापरताना शरीर हे जीवनसत्त्व खर्च करते. दीर्घ उपासमारीत त्याचा साठा आधीच संपलेला असला, तर मेंदूला इजा होऊ शकते. आणि जेवणाची घाई करायची नाही. अनेक दिवस उपाशी असलेल्या माणसापुढे भरले ताट ठेवले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. आमच्या वॉर्डातल्या मावशींना हे पटवणे अवघड जाते. ‘‘एवढा भुकेला जीव, आणि अर्धी वाटी पेज?’’ त्यांची माया खरी असते, पण अर्धी वाटीच बरोबर असते.

दुसऱ्या दिवशी तो माणूस ऊबदार होता, साखर ठीक होती. तरीही तो भिंतीकडे पाहून कोणाशी तरी बोलत होता, कानावर हात ठेवत होता. आता मात्र आम्ही मानसिक आजाराचा विचार करू शकत होतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. रस्त्यावर भरकटलेला प्रत्येक माणूस मनोरुग्ण नसतो. कोणाला डोक्याला मार लागलेला असतो, कोणाला मेंदूज्वर झालेला असतो, कोणाचे रक्तातले सोडियम घसरलेले असते. एखादे वयस्कर गृहस्थ स्मृतिभ्रंशामुळे सहलीच्या गाडीपासून चुकलेले असतात. आधी शरीर तपासायचे, मग मन.

कायदा दार उघडतो

त्या रात्री हवालदारांनी त्याला कोठडीत न नेता रुग्णालयात आणले, यात त्यांचा चांगुलपणा होताच, पण त्यामागे कायदाही होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा संसदेने २०१७ मध्ये केला आणि तो २०१८ मध्ये लागू झाला. त्याचे कलम १०० पोलिसांवर कर्तव्य टाकते. आपल्या हद्दीत भरकटलेली, मानसिक आजार असावा अशी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आढळली, तर पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने तिला संरक्षणात घ्यावे. जास्तीत जास्त २४ तासांत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवू नये. व्यक्ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून तिचे नातेवाईक शोधावेत.

याच कायद्याचे कलम १८ सांगते की बेघर आणि निराधार व्यक्तींना सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांत उपचार पूर्ण मोफत मिळाले पाहिजेत. दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो. कलम १९ तर आणखी पुढे जाते. केवळ घर नाही, कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणासाठी कोणाला मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. अशांसाठी समाजात राहता येईल अशा सोयी, मधल्या टप्प्याची निवासगृहे, सरकारने उभी करावीत किंवा त्यांना साहाय्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे.

डॉक्टर म्हणून मला हा कायदा मनापासून आवडतो. कारण त्याच्या आधीची कितीतरी वर्षे आपला रस्त्यावरच्या माणसांसाठीचा मुख्य कायदा होता तो मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत एक विलक्षण वाक्य आहे. उदरनिर्वाहाचे दिसण्यासारखे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा आणि भिकेवर जगत असावा असा वाटणारा माणूसही त्यात येतो. म्हणजे हात पसरण्याचीही गरज नाही, गरीब दिसणे पुरेसे आहे. अशा माणसाला वॉरंटशिवाय पकडता येते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्याची प्रमुख कलमे दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे मात्र हा कायदा रद्द झालेला नाही. आजाराकडे आजार म्हणून पाहणारा एक कायदा आणि दारिद्र्याकडे गुन्हा म्हणून पाहणारा दुसरा, असे दोन्ही एकाच रस्त्यावरच्या एकाच माणसाला लागू आहेत. त्याच्या वाट्याला कोणता येईल, हे पुष्कळदा त्या दिवशी कोण भेटते यावर ठरते.

आपल्या जिल्ह्याला हा फरक अलीकडेच जाणवला. एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत भीक मागणाऱ्यांना पकडून श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवण्यात आले. त्यांतल्या काहींना प्रकृती बिघडल्याने अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवले आणि चौघांचा मृत्यू झाला. दोष कोणाचा, हे ठरवणे माझे काम नाही. वैद्यकीय गोष्ट मात्र सांगायला हवी. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली, की पहिल्या दिवसभरात थरथर आणि घाम सुटतो, फिट येऊ शकते. ४८ ते ७२ तासांच्या आसपास काहींना भ्रम, ताप, बेभानपणा अशी अवस्था येते. तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर ती जीव घेते. रस्त्यावर राहणाऱ्यांत दारूची सवय, कुपोषण, क्षयरोग, मधुमेह हे एकत्र असू शकतात. म्हणून अशा कोणत्याही माणसाला कुठेही हलवण्याआधी पहिली तपासणी डॉक्टरची व्हायला हवी. गोळा करून गाडीत बसवण्याआधी.

आणि बाहेरचे दार?

आता पुन्हा आमच्या माणसाकडे येऊ. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने औषधे सुरू झाली. तीन-चार आठवड्यांत कानातले आवाज कमी झाले. तो स्वतः अंघोळ करू लागला, मावशींना ताटे उचलायला मदत करू लागला. नाव सांगायचा, गाव नाही. त्याला रुग्णालयात ठेवण्याचे वैद्यकीय कारण संपले.

कलम १०० चे सहावे उपकलम म्हणते की दाखल करण्याएवढा आजार नसेल तर पोलिसांनी व्यक्तीला तिच्या घरी पोचवावे आणि ती बेघर असेल तर ‘बेघरांसाठीच्या सरकारी संस्थेत’ न्यावे. आमचा माणूस आता त्याच अवस्थेत होता, म्हणून मी हवालदारांना बोलावून ते वाक्य दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘‘साहेब, ही संस्था आपल्याकडं कुठंय?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. नाशिक इथून सुमारे ७० किलोमीटर, अहिल्यानगर दीडशेच्या घरात. शहरांतले बेघर निवारे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून उभे राहिले. २०१० च्या कडाक्याच्या थंडीत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या बेघरांच्या प्रश्नात लक्ष घातले. पुढे मोठ्या शहरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायमस्वरूपी निवारा, असे सूत्र ठरले आणि २०१३ च्या या अभियानात ते आले. सूत्र चांगलेच आहे, पण त्याच्या नावातच ‘नागरी’ आहे. शेंडी, राजूर, घाटघर त्यात बसत नाहीत.

मग खेड्यात बेघर नसतात का? २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणकांनी देशभर उघड्यावर झोपलेल्यांची मोजणी केली. एकूण संख्या भरली १७.७३ लाख. त्यांतले ९.३८ लाख शहरांतले आणि ८.३५ लाख ग्रामीण भागातले. महाराष्ट्राचा आकडा होता सुमारे २.११ लाख. म्हणजे देशातले जवळजवळ निम्मे बेघर खेड्यांच्या हद्दीत होते. खेड्यांसाठी घरकुल योजना आहे आणि प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात अजिबात निवारा नसलेल्या कुटुंबांना कागदावर अग्रक्रमही आहे. पण घरकुलाला गाव लागते, यादीत नाव लागते, बांधायला जागा लागते. स्वतःचे गाव विसरलेल्या माणसाने अर्ज कोणत्या ग्रामसभेत द्यायचा?

डिस्चार्ज कार्डावर सही माझीच होती. लिपिकाने ‘पत्ता’ या रकान्यात लिहिले : शेंडी एसटी थांबा. कागदी पाकिटात पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, पुन्हा कधी यायचे ते समजावले, मावशींनी एक जुना स्वेटर दिला. पाऊस सुरूच होता. उघड्या थांब्यावर कागदी पाकिटातल्या गोळ्या किती दिवस टिकतील, हा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. आला आणि मी पुढचा रुग्ण तपासायला घेतला.

फेब्रुवारीत तो परत आला. या वेळी पायाच्या जखमेत अळ्या होत्या आणि आवाज पुन्हा सुरू झाले होते. गोळ्यांचा लगदा झाला म्हणून त्याने त्या फेकून दिल्या होत्या. आमच्या सगळ्यांची चार आठवड्यांची मेहनत एका पावसात वाहून गेली होती.

छप्पर हेही औषध

वैद्यकीय पुस्तकात निवाऱ्याचा डोस लिहिलेला नसतो. पण इन्शुलिन घ्या, ते थंड जागी ठेवायचे असते. क्षयाचे औषध घ्या, ते साधारण सहा महिने रोज घ्यावे लागते आणि पोषणाचे सरकारी अनुदान बँक खात्यात जमा होते. ज्याला खाते नाही, पत्ता नाही, त्याला मोफत औषधही अर्धेच मिळते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार नि:शुल्क झाले, हे फार मोठे पाऊल आहे. मात्र उपचार फुकट असणे आणि ते टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इतर देशांनी हे कायद्यात कसे आणले, ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने १९७७ मध्येच बेघर व्यक्तींना घर मिळवून देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. पुढे इंग्लंडमध्ये २०१७ चा बेघरपणा कमी करण्याचा कायदा आला. त्यानुसार ऑक्टोबर २०१८ पासून रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांवरही जबाबदारी आली. रुग्ण बेघर असेल किंवा बेघर होण्याच्या बेतात असेल, तर त्याच्या संमतीने गृहनिर्माण खात्याला कळवणे त्यांना बंधनकारक झाले. तिथला डॉक्टर माझ्यासारखी सही करून मोकळा होऊ शकत नाही. फिनलंडने २००८ पासून ‘आधी घर’ हे धोरण धरले : व्यसन सोडा, औषध घ्या, मग घर देऊ असे न म्हणता आधी घर द्यायचे आणि उपचार नंतर. कॅनडाने पाच शहरांत सुमारे दोन हजार बेघर मनोरुग्णांवर याचा अभ्यास केला. ज्यांना आधी घर मिळाले ते घरात जास्त काळ टिकले. आपल्याकडे चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ या नावाने हाच मार्ग धरला. बऱ्या झालेल्या चार-पाच जणी भाड्याच्या साध्या घरात एकत्र राहतात आणि मदतीला एक कार्यकर्ती असते.

महाराष्ट्रात माणसेही मोठी आहेत. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचे काम केले. त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच जिल्ह्यात शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माउली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देते. अशा संस्थांपुढे मी हात जोडतो. पण एखाद्याच्या करुणेवर कायद्याचे कलम कायमचे उभे राहू शकत नाही. सरकारी सोय नसली की काय होते, तेही आपण पाहिले आहे. मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्यांना महाराष्ट्रात भिक्षेकरी गृहांत हलवले जात असल्याचे समोर आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२१ मध्ये हा प्रकार ताबडतोब थांबवा असे सांगावे लागले.

ज्येष्ठांच्या बाबतीतही हीच गत. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा वृद्धांना टाकून देणे हा गुन्हा ठरवतो. पण दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम राज्य शासनाने ‘उभारावा’ असे न म्हणता ‘उभारता येईल’ असे म्हणतो. एका शब्दाचा फरक, आणि त्यात माणसे राहून जातात.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाच्या जवळ आठ-दहा खाटांची एक कोरडी खोली, स्त्रियांसाठी वेगळी, एक काळजीवाहक आणि औषधांचे एक कुलूपबंद कपाट. त्या खोलीचा पत्ता पोलीस ठाणे, तहसील कार्यालय आणि रुग्णालयाच्या भिंतीवर लावलेला. आणि ती योजनेच्या निधीवर अवलंबून न ठेवता कलम १०० मधल्या त्या ‘सरकारी संस्थे’चा भाग म्हणून बंधनकारक केलेली. योजना मुदत संपली की बंद होते. कर्तव्य तसे बंद होत नाही.

आपण काय करू शकतो?

- थांब्यावर, देवळात, धरणाच्या वाटेवर असा कोणी दिसला तर ओरडू नका, दगड मारणाऱ्या मुलांना आवरा, व्हिडिओ काढू नका. थोडे अंतर ठेवून शांतपणे नाव विचारा.
- अंग ओले असेल तर कोरडे कापड किंवा पोते द्या. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गोड चहा किंवा पातळ पेज थोडी थोडी द्या. दारू देऊन ‘ऊब’ आणू नका, तिने शरीर आणखी गारठते.
- रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. पोलिसांना सांगताना ‘मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १००’ एवढे शब्द वापरले तरी काम सोपे होते.
- मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक मोफत आहेत.
- घरात विसराळू वृद्ध असतील तर सहलीला नेताना त्यांच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

आमच्या त्या माणसाला दुसऱ्या खेपेला एका स्वयंसेवी संस्थेने जागा दिली. खूप फोन केल्यावर एक खाट रिकामी निघाली, एवढेच. आता तो महिन्यातून एकदा संस्थेच्या कार्यकर्त्याबरोबर तपासणीला येतो. पायाची जखम भरली आहे, गोळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. गावाचे नाव अजून सांगत नाही, पोलिसांकडे नोंद उघडीच आहे. मागच्या वेळी लिपिकाने पत्ता विचारला, तेव्हा त्याने संस्थेचे नाव, रस्ता, गाव सगळे न अडखळता सांगितले आणि कार्डावर बरोबर लिहिले की नाही ते वाकून पाहिले.